दोन फुलपात्री धुके आणि एक लाल गुलाब

गेल्या जानेवारीतील एका रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या बागेत उतरलो, तेव्हा समोरची इमारत जागेवर नव्हती. शिसपेन्सिलीने काढून मग कुणी अर्धवट पुसावा तसा तिचा नुसता आकार तेवढा उरला होता, आणि तिच्यामागे रोज दिसणारा येऊरचा डोंगर तर मुळीच नव्हता. तळमजल्यावरच्या आजी नेहमीप्रमाणे पूजेसाठी जास्वंद तोडायला आल्या होत्या. परंतु परडी हातात घेऊन त्या लाल गुलाबाच्या ताटव्यापाशीच थबकल्या होत्या. "आज गुलाबाला काय झालंय हो? कालपेक्षा लाल दिसतोय," त्या म्हणाल्या. "काल खत घातलंय ना, आजी," माळीकाकांनी श्रेय घेऊन टाकले.

दहाच्या सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी त्याच गुलाबाचे छायाचित्र टाकले आणि त्याखाली कुठून तरी फिरत आलेला मजकूर जोडला. धुक्यात प्राणवायू वाढतो, तो मिळाल्याने फुलांचा रंग खुलतो, आणि अशा पहाटे आकाशातून पडलेले दवबिंदू डोळ्यांत घातल्यास चष्म्याचा नंबर उतरतो, असा त्याचा सारांश होता. प्राणवायूचा मुद्दा चटकन निकालात काढता येतो. कोरड्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो आणि धुक्यातल्या दमट हवेत बाष्पाने थोडी जागा व्यापल्यामुळे किंचित कमीच भरतो. शिवाय पाकळीतील रंगद्रव्य सकाळी तासभर वाढून ऊन येताच पुन्हा घटत नाही. दवबिंदूंचा समाचार पुढे घेऊ. आजींचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही, कारण गुलाब खरोखरच अधिक लाल दिसत होता, आणि दुपारी बारा वाजता त्याच फांदीवरचे तेच फूल मी मुद्दाम जाऊन पाहिले तेव्हा ते पुन्हा चारचौघांसारखे झाले होते.

माझे उत्तर असे आहे की धुक्याने गुलाबाला काहीही दिले नव्हते. त्याने बागेतल्या इतर सर्वांकडून काढून घेतले होते, आणि गुलाबाकडून मात्र पाकळीच्या बांधणीमुळे त्याला फारसे काही काढून घेता आले नव्हते. यातील पहिला भाग हवामानशास्त्राचा आणि थोडा दृष्टीच्या विज्ञानाचा आहे, तर दुसरा वनस्पतिशास्त्राचा, आणि माझे खरे प्रेम या दुसऱ्यावर आहे.

धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढग, एवढे आपण शाळेत शिकतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा दमट असेल तर रात्री जमीन आपली उष्णता वर टाकून देत थंड होते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि हवेतले बाष्प धूळ, मीठ किंवा धूर यांच्या सूक्ष्म कणांभोवती थेंबांच्या रूपाने जमते. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर असलेल्या ठाण्यात आर्द्रतेची वानवा नसते. डोंगरउतारावरून रात्री खाली घरंगळणारी थंड हवाही मदतीला असते. हवामानशास्त्रात १ किलोमीटरच्या आतले दिसेनासे झाले तरच त्याला धुके म्हणतात, आणि हा निकष काटेकोरपणे लावला तर आपल्याकडे खऱ्या धुक्याच्या सकाळी मोजक्याच येतात. एरवी आपण ज्याला कौतुकाने धुके म्हणतो ते पुष्कळदा धुरके असते. दोहोंतला फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. धुक्याचा थेंब साधारण १० मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा असतो, आणि प्रकाशाच्या ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीपुढे तो इतका मोठा असतो की सर्व रंगांना तो जवळजवळ सारख्याच प्रमाणात विखुरतो. म्हणून धुके पांढरे दिसते आणि त्याच्या आडचा सूर्य चंद्रासारखा फिका दिसतो. धुराचे बहुतेक कण १ मायक्रॉनपेक्षा लहान असल्यामुळे ते निळा प्रकाश अधिक विखुरतात, आणि त्यांच्या आडचा सूर्य तांबूस होतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातून सकाळी प्रवास करताना खिडकीतून तांबडा सूर्य दिसला, तर "काय छान धुकं पडलंय" असे म्हणण्याआधी थोडा विचार करावा.

त्या सकाळी दृश्यमानता सुमारे ४०० मीटर होती असे धरून चालू. आमची बाग ४० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. तिच्यावरच्या तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या म्हणजे १० मीटर उंचीच्या हवेतले सगळे धुके पिळून काढता आले असते, तर किती पाणी निघाले असते? थेंबांचा आकार आणि दृश्यमानता ठाऊक असेल तर हे गणित करता येते, आणि उत्तर येते सुमारे ४०० ग्रॅम. म्हणजे दोन फुलपात्री. त्या दोन फुलपात्री पाण्याने सात मजली इमारत आणि पाठचा डोंगर झाकला होता, कारण ते पाणी प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये साठेक थेंब अशा बारीक वाटणीने विखुरलेले होते. तेवढेच पाणी दुप्पट व्यासाच्या थेंबांत वाटले गेले असते तर थेंबांची संख्या एक अष्टमांश झाली असती, त्यांनी अडवलेले एकूण क्षेत्र निम्म्यावर आले असते आणि दृश्यमानता ८०० मीटरपर्यंत वाढली असती. याच्या उलट, हवेत धुराचे आणि धुळीचे कण जितके अधिक, तितक्या अधिक ठिकाणी पाणी जमते, थेंब बारीक होतात आणि तेवढ्याच पाण्यात अधिक दाट धुके तयार होते. शहरातल्या धुक्याच्या दाटपणात आपला स्वतःचा वाटा असतो तो असा.

आता काढून घेण्याचा हिशेब. १९२४ मध्ये हाराल्ट कोश्मीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने दाखवून दिले की धुक्यातून पाहताना वस्तू आणि तिच्यामागचे क्षितिज यांच्या उजळपणातला फरक ठरावीक अंतरागणिक ठरावीक पटीने घटत जातो. कर्जावरच्या चक्रवाढ व्याजासारखाच हा प्रकार आहे, फक्त उलट्या दिशेने. दृश्यमानता ४०० मीटर असेल तर दर ७० मीटरला हा फरक निम्मा होतो. ७० मीटरवरच्या इमारतीचा निम्मा, २१० मीटरवरच्या पाण्याच्या टाकीचा एक अष्टमांश, आणि असे साडेपाच-सहा वेळा अर्धे होऊन ४०० मीटरवर जेमतेम २ टक्के फरक उरतो, जिथे कोश्मीडरच्या गृहीतकानुसार डोळा हार मानतो. दीड किलोमीटरवरच्या डोंगराचा फरक सुमारे २० लाखांत १ इतका उरतो, म्हणजे डोंगर नाहीच. गुलाब मात्र आमच्यापासून १ मीटरवर होता, आणि १ मीटरमध्ये धुके जेमतेम १ टक्का घेऊ शकते. धुक्यातल्या जवळच्या फुलाचा रंग धुक्यामुळे मंदावत नाही, याचे कारण एवढेच की धुक्याला तेवढी जागाच मिळत नाही.

परंतु न मंदावणे वेगळे आणि अधिक लाल दिसणे वेगळे. येथे आपल्याला हवामान सोडून डोळ्यांकडे यावे लागते. पॅरिसच्या भिंतीवरचे गालिचे विणणाऱ्या गोबलँ कारखान्यात रंगाईचे काम पाहणारा मिशेल शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ काळ्या लोकरीचा काळेपणा कमी पडतो या तक्रारीचा शोध घेत असता त्याच्या लक्षात आले की रंगात दोष नाही, दोष शेजारच्या धाग्यांचा आहे. १८३९ मध्ये त्याने हे सविस्तर मांडले. शेजारचा रंग आपला रंग बदलतो, हे तेव्हापासून सर्वमान्य आहे. मला त्यापेक्षाही मोलाचे वाटते ते रिचर्ड ब्राउन आणि डोनाल्ड मॅक्लाउड यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले काम. त्यांनी रंगाच्या एकसारख्या टिकल्या दोन पार्श्वभूमींवर ठेवल्या. एक पार्श्वभूमी सपाट करडी होती. दुसरी अनेक उजळ, गडद आणि रंगीत तुकड्यांची होती, पण सगळे तुकडे मिसळले तर तिचीही सरासरी तोच करडा रंग भरत असे. नुसती सरासरी महत्त्वाची असती तर टिकल्या दोन्हीकडे सारख्याच दिसायला हव्या होत्या. प्रत्यक्षात सपाट करड्यावर त्या गडद आणि भरदार दिसल्या, आणि रंगीबेरंगी पार्श्वभूमीवर विटल्यासारख्या. डोळा आणि मेंदू समोरच्या दृश्यात रंगांची चढउतार किती आहे हे पाहून आपली मोजपट्टी ताणतात किंवा आखडतात. गोंगाटात तोच आवाज लहान वाटतो आणि निजानीज झालेल्या घरात भांडे पडले तर दचकायला होते, तसे हे आहे.

हा प्रयोग घरी करता येतो. एकाच पाकिटातल्या दोन मरून टिकल्या घ्याव्यात, एक राखी रंगाच्या साध्या कागदावर चिकटवावी आणि दुसरी महाबचत योजनांच्या रंगीत जाहिरातपत्रकाच्या मध्यावर. मी हा प्रयोग घरात करून दाखवला तेव्हा दुसरी टिकली जुनी आहे असा निर्वाळा मिळाला.

त्या सकाळची बाग ही नेमकी पहिल्या कागदासारखी होती. एरवी गुलाबामागे निळ्या आकाशाचा तुकडा, पिवळ्या रंगाची इमारत, बाल्कन्यांतले वाळत घातलेले कपडे, लाल-पांढरी घसरगुंडी आणि मोटारींच्या काचांवरची तिरीप एवढा पसारा असतो. धुक्याने तो सगळा एका करड्या पडद्यात बुडवला आणि जवळच्या गुलाबाला हात लावला नाही. याच कारणाने त्या दिवशी तगर मात्र दिसेनाशी झाली होती. ताटव्याच्या कडेची तिची झुडपे फुलांनी लगडलेली असूनही कुणाचे तिकडे लक्ष गेले नाही, कारण पांढऱ्या पडद्यावर पांढरे फूल किती उठून दिसणार?

तगरीचे नाव निघालेच आहे तर आता पाकळीत शिरू. तगरीच्या पाकळीत पांढरा रंग नसतो. पांढरे रंगद्रव्य शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, कारण पेशी जवळजवळ रंगहीन असतात आणि त्यांच्यामध्ये हवेच्या बारीक पोकळ्या असतात. प्रकाश पेशीतून हवेत आणि हवेतून पुन्हा पेशीत जाताना प्रत्येक सीमेवर थोडा परततो, थोडा वळतो, आणि अशा शेकडो सीमा ओलांडून जो परत बाहेर येतो तो पांढरा दिसतो. गळून पडलेली तगरीची पाकळी घेऊन नखाने दाबून पाहा: दाबलेली जागा तेल लागलेल्या कागदासारखी पारदर्शक होते, कारण पेशी फुटून त्यांचा रस पोकळ्यांत भरतो आणि सीमा नाहीशा होतात. जपानच्या डोंगरांत वाढणाऱ्या डिफिलिया ग्रेयी या झाडाची पांढरी फुले पावसात भिजली की काचेसारखी पारदर्शक होतात आणि वाळली की पुन्हा पांढरी होतात, त्याचे कारणही हेच आहे. आता धुके कशामुळे पांढरे असते ते आठवा. तिथे हवेत पाण्याचे थेंब असतात आणि तगरीत पाण्याने भरलेल्या पेशींमध्ये हवेचे थेंब. तगर ही एका अर्थाने उलटे केलेले धुके आहे, आणि म्हणून ती धुक्यात हरवते यात मला एक प्रकारचा न्याय दिसतो.

गुलाबाच्या पाकळीतही अशाच पोकळ्या असतात. फक्त तिच्या वरच्या थरातल्या, म्हणजे अपित्वचेतल्या पेशींच्या रिक्तिकांत, म्हणजे पेशीतल्या रसाने भरलेल्या पिशव्यांत, अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य विरघळलेले असते. प्रकाश आत जाताना या लाल थरातून जातो, मधल्या पोकळ्यांवर आपटून मागे फिरतो आणि बाहेर येताना पुन्हा त्याच थरातून येतो. दोन वेळा गाळलेला हा प्रकाश म्हणजे गुलाबाचा लाल रंग. गुलाबाला पाकळ्याही अनेक असतात, त्यामुळे एका पाकळीतून निघालेला प्रकाश दुसरीवर पडतो आणि आणखी गाळला जातो. समजा, एक पाकळी लाल प्रकाशातला ६० टक्के आणि हिरव्यातला ५ टक्के परत करते, तर लाल आणि हिरव्याचे गुणोत्तर १२ झाले. दुसऱ्या पाकळीवरून उसळल्यावर लाल ३६ टक्के आणि हिरवा पाव टक्का उरतो, आणि गुणोत्तर १४४ होते. उन्हात पाकळ्यांच्या पृष्ठभागावर झगझगीत कवडसे आणि आतल्या खळग्यात काळोखी सावली असते, आणि डोळे कवडशांना सरावल्यामुळे खळग्यातला हा दाट लाल त्यांना दिसत नाही. धुक्यात प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो, सावल्या पुसल्या जातात आणि फुलाच्या पोटातला रंग वर येतो.

येथे एक आक्षेप घेता येतो, आणि तो महत्त्वाचा आहे. सगळीकडून येणारा पांढरा प्रकाश पाकळीच्या पृष्ठभागावरूनही, आत न शिरताच, थोडा परावर्तित होणार; हा परतलेला प्रकाश पांढराच असतो आणि तो लाल रंगात मिसळून त्याला फिका करणार. गणित असे आहे की काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर, अपवर्तनांक १.५ धरला तर, प्रकाश सरळ पडल्यास ४ टक्के परततो, परंतु ८० अंशांच्या तिरप्या कोनातून आला तर सुमारे ३९ टक्के परततो. उन्हात हे परावर्तन एका दिशेला जाते आणि एका चकाकीच्या ठिपक्यात गोळा होते. धुक्यात ते सर्वत्र पसरते, आणि सगळ्या दिशांची बेरीज केली तर सुमारे ९ टक्के पांढऱ्याचा पातळ मुलामा पृष्ठभागावर चढतो. हिरव्या पानाच्या बाबतीत नेमके हेच घडते. पान हिरव्या प्रकाशातलाही १० ते १५ टक्केच परत करते, त्यामुळे ९ टक्के पांढरे त्यात मिसळले की तकतकीत पाने राखाडी दिसू लागतात. धुक्याच्या सकाळी वडाची किंवा रबराच्या झाडाची पाने निरखून पाहा, ती हिरवी कमी आणि शिशासारखी जास्त दिसतील. मग गुलाबाची पाकळी या मुलाम्यातून कशी सुटते?

ती गुळगुळीत नसते म्हणून. गुलाबाच्या पाकळीची वरची प्रत्येक पेशी हा एक छोटा शंकू असतो. सुमारे १६ मायक्रॉन रुंद आणि ७ मायक्रॉन उंच अशा उंचवट्यांची ती एक दाट वस्ती असते. मखमलीचा जो भास बोटांना होतो तो यांच्यामुळे. तिरपा आलेला प्रकाशकिरण एका शंकूच्या उतारावर आपटला, तर त्याच्या दृष्टीने तो उतार जवळजवळ समोरच उभा असतो, म्हणजे तिरपा कोन सरळ होतो आणि ३९ टक्क्यांऐवजी थोडाच प्रकाश परततो. जो परततो तोही बाहेर न जाता शेजारच्या शंकूवर आपटतो आणि तिथे त्याला आत शिरण्याची आणखी एक संधी मिळते. आत शिरलेला प्रकाश शंकूच्या गोलाईमुळे भिंगातून जावा तसा रंगद्रव्याने भरलेल्या रिक्तिकेकडे वळतो. परिणामी पांढरा मुलामा पातळ होतो आणि लाल अधिक लाल होतो. पान स्वतःला मेण चोपडून चकाकी मिरवते, आणि त्याची किंमत त्याला अशा सकाळी मोजावी लागते.

हे शंकू रंगासाठी खरोखरच महत्त्वाचे आहेत याचा पुरावा नर्सरीवाले ज्याला डॉग फ्लॉवर म्हणतात त्या अँटिऱ्हायनमने दिला. या झाडाचा मिक्स्टा नावाचा एक उत्परिवर्तित प्रकार आहे, ज्याची फुले रंगद्रव्य असूनही फिकट आणि निस्तेज दिसतात. इंग्लंडमधील जॉन इनिस सेंटरच्या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले की या प्रकारात एकच जनुक बिघडलेले असते, आणि त्या बिघाडामुळे पाकळीच्या पेशी शंकूऐवजी चपट्या राहतात. पाहणी केलेल्या सपुष्प वनस्पतींपैकी बहुसंख्य वनस्पतींच्या पाकळ्यांवर असे शंकू किंवा तत्सम उंचवटे आढळतात. ते आपल्यासाठी अर्थातच नाहीत. २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले की शंकूंमुळे बंबलबी जातीच्या मधमाश्यांना पाकळीवर पाय रोवता येतात, आणि फूल उभे, म्हणजे पाय टिकवायला अवघड असेल तेव्हा त्या शंकूवालीच फुले पसंत करतात. पाकळीने पाय ठेवायला केलेली ही पायरी रंगही गडद करून देते. उत्क्रांतीत असे एका कामात दुसरे काम पुष्कळदा होते.

तिसरे काम पाण्याचे. त्या सकाळी गुलाबावर गोल गरगरीत थेंब होते आणि पाकळी उलटी केली तरी ते पडत नव्हते. चंचल संपत्तीला आपण अळवावरचे पाणी म्हणतो, कारण अळूच्या पानावर शिंपडलेले पाणी मोत्यासारखे गोल होते आणि जरा कल झाला की घरंगळते. कमळाच्या पानाचेही तसेच, आणि त्याचा उलगडा व्हिल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये केला: पानावरच्या मेणाच्या सूक्ष्म उंचवट्यांवर थेंब फक्त टोकांना टेकतो आणि त्याच्याखाली हवा अडकलेली राहते. गुलाबाची पाकळीही पाण्याला दूर ठेवणारी. थेंब तिच्यावर सुमारे १५२ अंशांच्या कोनात, म्हणजे जवळजवळ चेंडूसारखा उभा राहतो. पण तिचे शंकू मोठे आणि अंतराने असल्यामुळे पाणी त्यांच्यामधल्या दऱ्यांत उतरते आणि तिथे घट्ट धरून राहते. चिनी संशोधकांनी २००८ मध्ये याला पाकळी परिणाम असे नाव दिले. अळवावरचे पाणी आणि गुलाबावरचे पाणी दिसायला सारखे, वागायला मात्र अगदी भिन्न, आणि म्हणूनच धुक्याच्या सकाळी थेंबांनी मढलेल्या गुलाबाचे छायाचित्र काढायला आपल्याला पुरेसा वेळ मिळतो.

आता त्या फिरत्या मजकुरातले दवबिंदू. दव पडले असे आपण म्हणतो खरे, परंतु दव कुठूनही पडत नाही. रात्री थंड झालेल्या पानाला लागलेल्या हवेतले बाष्पच तिथल्या तिथे थिजून थेंब होते, जसे थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो. पानाच्या कडेला किंवा टोकाला रांगेत मांडल्यासारखे जे टपोरे थेंब दिसतात, ते तर पुष्कळदा दवही नसते. मुळांनी रात्रभर ओढलेले जास्तीचे पाणी झाड पानाच्या कडेवरील छिद्रांतून बाहेर टाकते, ते हे, आणि त्यात झाडातले क्षार असतात. अळूच्या टोकाशी लोंबणारा थेंब बहुधा याच जातीचा. गावाकडे हरभऱ्याच्या शेतात पहाटे फडके फिरवून आंब गोळा करतात, तीही आंबट लागते ती आकाशामुळे नव्हे, तर हरभऱ्याच्या अंगावरचे केस मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतात म्हणून. अशा थेंबात काय काय विरघळलेले आहे हे झाडागणिक आणि पानावरच्या धुळीगणिक बदलते. घोडबंदर रस्त्यावरच्या बागेतली धूळ कोणती हे आम्हा रहिवाशांना सांगायला नको. ते डोळ्यांत घालून चष्मा सुटत नाही, डोळे मात्र येऊ शकतात. त्याच गटावर आणखी एकाने लिहिले होते की थेंबांवर ऊन पडले की ते भिंगाचे काम करून पाकळ्या जाळतात, म्हणून फुले पुसून ठेवावीत. हंगेरीतील संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासले असता गुळगुळीत पानावर असे जळणे घडले नाही, कारण थेंबाने एकवटलेला प्रकाश पानाच्या पलीकडे केंद्रित होतो. थेंबाला पृष्ठभागापासून वर उचलून धरणारे केस असतील तरच धोका संभवतो. माळीकाकांनी फुले पुसली नाहीत, हे बरे केले.

साडेनऊपर्यंत जमीन तापली, खालून धुके विरळ होऊ लागले आणि इमारतीचे मजले खालून वर एकेक करून परत आले. दोन फुलपात्री पाणी पुन्हा बाष्प झाले होते.

पुढच्या रविवारी धुके असेल या आशेने मी सव्वासहालाच खाली उतरलो, आणि तिथे माझ्या सिद्धांताची मर्यादा कळली. जानेवारीत ठाण्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. त्याआधीच्या काळोखात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात आणि अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी पुढे येतात. शंकुपेशींची एकत्रित संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्याला सर्वाधिक असते, दंडपेशींची ५०७ नॅनोमीटरच्या निळसर हिरव्याला, आणि लाल प्रकाश तर दंडपेशींना जवळजवळ जाणवतच नाही. यान पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये नोंदवून ठेवलेला हा बदल आमच्या बागेत जसाच्या तसा हजर होता: धुके होते, गुलाब होता, करडी पार्श्वभूमी होती, आणि गुलाब चक्क काळा होता. कुंपणावरची गोकर्ण मात्र दिवा लावल्यासारखी उजळ दिसत होती. आजी माझ्याही आधी येऊन पोहोचल्या होत्या आणि मोबाइलच्या उजेडात झुडपाची फांदी न फांदी चाचपत होत्या.

"जास्वंद कुणी तोडून नेली वाटतं," त्या म्हणाल्या.

मी उजेड बंद करायला सांगितले नाही. जास्वंदीची तीन फुले त्यांच्या हाताशीच होती, ती त्यांना दाखवली. आणि त्यांनी ती परडीत ठेवली, गोकर्णीच्या शेजारी.